खिडकी उघडते का

ईस्टपोर्टला जायचं ठरून तीन आठवडे झाले,
म्हणजे ठरलं काहीच नाही,
फ्रिजवरच्या कॅलेंडरात ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारभोवती
मी पेन्सिलीने एक गोल काढलाय
आणि दत्तारामने विचारलंय, त्या दिवशी तिथी काय?

वूस्टरहून सहा तास, मॅप म्हणतो.
आमचे साडेआठ. त्याला तासातासाला पाय मोकळे करायचे असतात,
मला प्रत्येक पाटीपाशी खात्री करायची असते.
गाडी आता मीच चालवते.
मार्चपासून त्याच्या नजरेच्या बरोब्बर मधोमध
एक करडा ठिपका बसलाय, उठत नाही;
माझ्याकडे बघायचं तर तो माझ्या कानाकडे बघतो.

मी वाशिमची. चोवीस वर्षांची होईपर्यंत
समुद्र म्हणजे भूगोलाच्या नकाशातली निळी कड.
मला अजून तो भरलेलाच हवा असतो,
काठोकाठ, पैसे वसूल.
हा वेंगुर्ल्याचा. म्हणतो, भरती काय, कुणीही बघेल.
पाणी गेल्यावर जावं,
मग कळतं त्या घरात कोण कोण राहतं.

"गोकुळाष्टमी येते," मी सांगितलं.
त्याने डोळे मिटले. मिटल्यावर त्याला बरं दिसतं.
"आठ पाऊण सहा. सहाला भरती, बाराला सुकती.
इकडचा उन्हाळी तास घाल, एक.
पण अष्टमी म्हणजे भांग गं. पाणी मेलेलं."

मी फोन लावला. हॉटेलवाल्या लोर्नाबाई
भिंतीवरचा तक्ता वाचायला चष्मा शोधत होत्या,
खण उघडल्याचं ऐकू आलं, मांजर हाकलल्याचं.
"साडेबारा. आणि फोनच्या घड्याळावर जाऊ नका.
समोर पाण्यापलीकडे कॅनडा. तिकडचा टॉवर लागला
की इथला फोन आपला आपण तासभर पुढे पळतो.
पाहुणे जेवायला येऊन बसतात,
मी अजून बटाटे सोलत असते."
मेलेल्या पाण्याचंही विचारून घेतलं.
पंधरा फूट, त्या म्हणाल्या. कमीत कमी.
"अडीच पुरुष!" खुर्चीतून हा ओरडला,
जशी काही कुणी त्याचीच उंची मोजली होती.

खोल्या दोन उरल्यात.
वरची, समुद्राकडची, चाळीस डॉलर जास्त,
काच जमिनीपासून छतापर्यंत, पण उघडत नाही.
खालची, मागची, धक्क्याच्या अंगाला:
खिडकी एवढीशी, लाकडी, दमट हवेने फुगलेली.
"खांदा लावला की उघडते," लोर्नाबाई म्हणाल्या,
"पण वास येतो. आमिषाचा, डिझेलचा,
पाणी उतरलं की चिखलाचा. नंतर तक्रार नको."

मी फोनवर हात ठेवला.
प्रश्न चाळीस डॉलरचा नव्हता, म्हणजे होताच, पण
ती एवढी मोठी काच मी एकटीने बघायची, दोन दिवस,
आणि सांगत राहायचं, आता निळं,
आता करडं, आता एक बोट, आता काही नाही.
हे त्याला विचारायचं कुठल्या शब्दांत?
तो माझ्या कानाकडे बघत होता.
"वास कसला म्हणाली?"

मी सांगितला. क्रमाने, तिन्ही.
डिझेलला त्याने मान हलवली,
चिखलाला नुसताच हसला.

आता यादी. डोळ्यांचे थेंब, बर्फाच्या पिशवीत.
जुन्या चपला, दोन जोड, परत न आणायच्या.
शेंगदाणे, सोमवारी दोघांचा उपास;
वाटेत ब्लूबेरीची माळरानं लागतात, तोडणी चालू असेल,
आणि ब्लूबेरी उपासाला चालते का
हे सांगणारं पंचांग अजून निघालेलं नाही.
चालेल, मी ठरवून टाकलंय.
परतीचा दिवस लिहायचा राहिलाय.

रात्री पेन्सिलीचा गोल पेनाने गिरवला.
हात हलला थोडा,
शाई मंगळवारात गेली.